हलक्या लॅपटॉपचा कडता

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजनाने हलक्या लॅपटॉपविषयी गेल्या काही महिन्यांत तीन-चार लेख आले. त्यांची कात्रणे मी जपून ठेवली, कारण त्याच सुमारास मलाही तसा एक लॅपटॉप घ्यायचा होता आणि दुकानदाराच्या तोंडी शब्दापेक्षा छापील शब्दावर माझा भरवसा अधिक आहे. लॅपटॉप घेऊन आज पाच आठवडे झाले. लेखांत वाचले होते त्यातले बरेचसे खरे निघाले, हे आधीच कबूल करते. मात्र आमच्या भागात अशा यंत्राचे मोल ज्या गोष्टींवर ठरते, त्यांपैकी बहुतेकींचा त्या लेखांत साधा उल्लेखही नव्हता. म्हणून हे पत्र. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला ना जाहिरात करायची आहे ना तक्रार, आणि जे लिहिणार आहे ते या घडीच्या कोणत्याही कंपनीच्या पातळ लॅपटॉपला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मी वसमत तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब आणि दप्तर सांभाळते. आमचे बहुतेक सभासद हळद पिकवतात. काढणी, शिजवणी, वाळवण आणि ढोलातले पॉलिश यांचा हंगाम लागला, की माझे कार्यालय नावापुरते वसमतला राहते आणि प्रत्यक्षात ते कुरुंदा, गिरगाव, हट्टा अशा गावांतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांच्या थप्पीला टेकून भरते. कोणाची कांडी (हळदीची लांबट बोटे) किती, गट्टू (गोल गड्डे) किती, उचल किती, बाकी किती, हे तिथल्या तिथे नोंदवून सभासदाच्या हातात पावती द्यावी लागते. या कामासाठी २०१६ मध्ये घेतलेला १५.६ इंची लॅपटॉप मी नऊ वर्षे वापरला. त्याच्या कळांच्या फटींत इतकी हळद मुरली होती, की घरची मंडळी त्याला ‘पिवळं यंत्र’ म्हणत. तो बंद पडला म्हणून बदलला असे नाही. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालवायची तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या पिवळ्या यंत्रात सहाव्या पिढीचा होता. शेकडो सभासदांच्या बँक खात्यांचे क्रमांक ज्या यंत्रात आहेत, ते अद्यतनांवाचून इंटरनेटला जोडणे संचालक मंडळाला मान्य नव्हते, आणि मलाही नव्हते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर सांगितले, “आत्या, आता जड घेऊच नकोस. एकदा हलका वापरलास, की जुना हातात धरवणार नाही.” त्याचा शब्द मानला आणि ७४ हजार रुपयांचा, १४ इंची पडद्याचा लॅपटॉप नांदेडहून घेतला. यंदा आमच्या सभासदांना मिळालेल्या भावाने हिशेब केला, तर ही साडेपाच क्विंटल हळद होते.

घरी आणल्यावर मी पहिले काम केले ते तो तोलण्याचे. हळदीच्या नमुन्यांसाठी आमच्याकडे एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर जुना लॅपटॉप २ किलो ३४० ग्रॅम आणि त्याची चार्जरची वीट ४१० ग्रॅम भरली. एकूण २ किलो ७५०. नवा लॅपटॉप १ किलो २१५ ग्रॅम आणि चार्जर १८५ ग्रॅम. एकूण १ किलो ४००. कंपनीच्या कागदावर लॅपटॉपचे वजन १ किलो १९० ग्रॅम छापले आहे. बाजारात व्यापारी मालाच्या वजनातून कडता, म्हणजे घट-तुटीच्या नावाखाली काही वजन, कापतो, हे आम्ही आयुष्यभर सोसत आलो. इथे मात्र विकणाऱ्यानेच आपला माल पंचवीस ग्रॅम कमी सांगितला, याची काट्यापाशी उभ्या असलेल्या हमालांना मोठी मौज वाटली.

वजन कशाने घटले, याची मला उत्सुकता होती. पहिला वाटा अंगाचा आहे. या लॅपटॉपचे वरचे झाकण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे. मॅग्नेशियमची घनता घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम; म्हणजे तेवढ्याच आकाराचा पत्रा दोन-तृतीयांश वजनात होतो. दुसरा वाटा जे काढून टाकले त्याचा आहे. सीडीचा कप्पा गेला, फिरती हार्ड डिस्क गेली, मेमरीच्या पट्ट्या बसवण्याचे खाचे गेले, पंखा लहान झाला. १९८१ मध्ये ऑसबोर्न १ नावाचा संगणक ‘उचलून नेता येणारा’ म्हणून विकला जात होता आणि त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तो सुमारे १.३६ किलोचा. म्हणजे माझ्या हातात आज जे आहे, ते पाकिटातल्या त्या नवलापेक्षाही हलके आहे आणि ते नांदेडच्या दुकानात साध्या खोक्यातून मिळते. हे मी कौतुकानेच लिहिते.

कौतुक खांद्यालाही कळते. हंगामात मी आठवड्यातले चार दिवस दुचाकीवर असते आणि पूर्णा किंवा हिंगोलीला जायचे असले तर एसटीने किंवा पूर्णा–अकोला मार्गावरच्या गाडीने जाते. गर्दीच्या बसमध्ये पावणेतीन किलोची पिशवी तासभर उभ्याने धरणे आणि दीड किलोच्या आतली धरणे, यांतला फरक सत्तेचाळिसाव्या वर्षी सांगावा लागत नाही. पूर्वी डॉक्टरांनी मानेसाठी लिहून दिलेला पट्टा या पाच आठवड्यांत एकदाच वापरावा लागला. आमच्या रस्त्यांचे हादरे हाही चिंतेचा विषय असे. जुन्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीला फिरती तबकडी होती आणि एका खड्ड्याने ती एकदा कायमची मिटली होती. नव्यातल्या साठवणुकीत हलणारा भागच नाही. शेडमध्ये तर खरी गंमत झाली. जुना लॅपटॉप उघडला, की सभासद जरा दबून लांब बसत. नवा मांडीवर उघडून मी पावत्या करू लागले, तेव्हा एक वयस्कर सभासद शेजारी येऊन म्हणाले, “काय लिवायलाव ताई? ही तर वहीच झाली की वो!” आणि त्यांनी आपल्या खात्यावरची बाकी स्वतः पडद्यावर बोट ठेवून तपासली. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा घडले.

पडदा रुंदीच्या मानाने उंच असल्याने एका नजरेत खतावणीच्या अधिक ओळी दिसतात, हे हिशेब लिहिणाऱ्याला फार सोयीचे आहे. अक्षरे मात्र सुरुवातीला इतकी बारीक दिसली, की चष्मा असूनही डोळे आवळावे लागले. अक्षरांचा आकार दीडशे टक्क्यांवर नेल्यावर प्रश्न मिटला, आणि ओळींचा लाभ थोडा घटला. शेडमध्ये वाचता येते. कडुनिंबाखाली बसल्यास उजेड पूर्ण वाढवूनही कष्टाने वाचावे लागते, आणि उघड्या वाळवणीवर तर अक्षरांऐवजी आपलाच चेहरा दिसतो.

आता बॅटरी. जाहिरातीत सतरा तास लिहिले आहेत. असे आकडे बहुधा मंद उजेडात, एकच व्हिडिओ सलग चालवून काढलेले असतात. पडद्याचा उजेड पूर्ण, फोनवरून घेतलेले इंटरनेट चालू आणि हिशेबाचे काम अखंड, अशा माझ्या दिवसात तो साडेसात तास चालतो. जाहिरातीच्या निम्म्याहून कमी असूनही मी समाधानी आहे. कारण जुना दोन तासांतच मान टाकत असे आणि गावात वीज कधी येणार, यावर माझे वेळापत्रक ठरत असे. ५५ वॉट-तासांची बॅटरी साडेसात तास पुरते, म्हणजे यंत्र सरासरी सव्वासात-साडेसात वॉटवर भागवते. घरातला एलईडी दिवा साधारण तेवढीच वीज घेतो. त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवरही त्याचा भार जाणवत नाही. मात्र टाइप-सीचा चार्जर असल्याने फोनची कोणतीही पॉवर बँक चालेल, ही माझी समजूत चुकीची निघाली. लॅपटॉपला पुरेशा वॉटची आणि पॉवर डिलिव्हरी पद्धतीची पॉवर बँक लागते. शिवाय २०,००० मिलिअँपिअर-तास हा मोठा दिसणारा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार केला तर ७४ वॉट-तास होतात आणि वाटेतली गळती वजा जाता त्यांतले सगळे लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाहीत. दुकानात हे कोणी सांगत नाही.

पहिल्याच आठवड्यात एक प्रकार घडला आणि मी घाबरले. गिरगावला काम संपवून झाकण मिटले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि कुरुंद्याला पोहोचून तो बाहेर काढला, तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम आणि बॅटरी ऐंशीवरून बावन्न टक्क्यांवर आलेली. यंत्रात दोष आहे असे वाटले. भाच्याने समजावले, की हल्लीच्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर यंत्र पूर्ण झोपत नाही. फोनसारखे अर्धवट जागे राहून संदेश, अद्यतने वगैरे घेत राहते, आणि बंद पिशवीत, दुपारच्या उन्हात, ती ऊब बाहेर पडायला वाट नसते. झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे, म्हणजे चालू काम जपून यंत्र पूर्ण बंद व्हावे, अशी मांडणी केल्यापासून तसे झालेले नाही. उघडताना काही सेकंद थांबावे लागते एवढेच. पण कारखान्यातून येतानाच मांडणी तशी नसते, आणि वातानुकूलित कार्यालयातून वातानुकूलित गाडीत जाणाऱ्या परीक्षकाच्या हे कधी लक्षातच येणार नाही.

उन्हाचा मुद्दा इथे संपत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की यंत्र वापरण्याच्या जागेचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे. परभणी, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो हे आपणास ठाऊकच आहे. पत्र्याखालची गोष्ट तर निराळीच. म्हणजे पुस्तिकेप्रमाणे पाहिले, तर आमच्या हंगामातील ऐन कामाचे दिवस या यंत्राच्या नेमाबाहेरचे ठरतात. प्रत्यक्षात ते बंद पडले नाही, पण दुपारी तीनच्या सुमारास मंदावले. पातळ अंगात पंखा आणि उष्णता वाहून नेणारी नळी दोन्ही छोटी असतात, त्यामुळे आतली ऊब वाढली की प्रोसेसर स्वतःहून आपला वेग उतरवतो. सकाळी क्षणात निघणारा सभासदवार गोषवारा तेव्हा चहा येईपर्यंत निघत नव्हता. चार्जिंगही ७१ टक्क्यांवर थबकले, कारण तापलेल्या लिथियम बॅटरीत वीज भरणे तिच्या आयुष्याला घातक असते आणि यंत्र ते रोखून धरते. एका सभासदाने मायेने ओले गोणपाट आणून त्यावर लॅपटॉप ठेवायला सांगितले. त्यांची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. आता मी जड नोंदी सकाळी अकराच्या आत उरकते आणि भर उन्हात लॅपटॉप चार्जरला लावत नाही.

कळफलकाविषयी मात्र मला कौतुकाचे फारसे लिहिता येत नाही. चौदा इंची अंगात उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र संच बसत नाही. हिशेबनीसाला तो नसणे म्हणजे सुताराला पटाशी नसणे. मी ९५ ग्रॅमचा वेगळा संच विकत घेतला आणि १ किलो ४००च्या बेरजेत पहिली भर पडली. कळा उथळ आहेत. बोटांना त्याची सवय दोन आठवड्यांत झाली. मुख्य अडचण मराठीची आहे. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करते. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी शहाणी वाटणी आहे, आणि १९९१च्या भारतीय मानकातही ती आलेली आहे. माझ्या कामात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘शेतकऱ्यांना’. त्यासाठी शिफ्टसह ‘जे’ दाबून ऱ, ‘डी’ दाबून पाय मोडायचा आणि मग इंग्रजी तिरप्या रेघेच्या कळीवरचा य घ्यायचा. आता पाहा, इन्स्क्रिप्टमध्ये य, ट, च, ड ही आपल्या रोजच्या वापराची व्यंजने नेमकी उजव्या कडेच्या कळांवर आहेत; इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे स्वल्पविराम-पूर्णविरामांच्या शेजारची फुटकळ चिन्हे असतात. अंग लहान करताना कंपनीने याच कडेच्या काही कळा अरुंद केल्या आहेत. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. आमचा ‘लॅपटॉप’ हा शब्दच त्यातला ॉ शोधताना दोनदा चुकतो, कारण तो उलट्या तिरप्या रेघेच्या चिंचोळ्या कळीवर बसला आहे.

कळांवर देवनागरी अक्षरे तर नाहीतच. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दिला, त्याचा आनंद आम्हीही साजरा केला; परंतु नांदेडच्या ज्या तीन दुकानांत मी फिरले, तिथे देवनागरी कळांचा एकही लॅपटॉप दाखवता आला नाही. मी स्वतः कळांकडे न पाहता टंकलेखन करते, पण माझ्या हाताखाली शिकणाऱ्या दोन मुलींसाठी चिकटपट्ट्या आणून लावाव्या लागल्या. त्या लावल्या आणि कळांखालचा दिवा झाकला गेला. ज्या दिव्यासाठी दुकानदाराने दोन हजार रुपये जास्त घेतले होते, तो आता पट्ट्यांच्या कडांतून ग्रहणातल्या सूर्यासारखा डोकावतो.

जोडणीच्या खिडक्यांबाबत थोडक्यात लिहिते. दोन टाइप-सी, एक जुन्या पद्धतीची यूएसबी आणि एक एचडीएमआय. आमच्या शेतकरी कंपनीची विवरणपत्रे भरताना संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जुन्या यूएसबीत लागते, पावत्यांचा प्रिंटरही तिथेच, आकड्यांचा संचही तिथेच. म्हणून एका खिडकीच्या अनेक खिडक्या करणारा साठ ग्रॅमचा हब आला. ज्या सभागृहात आमची वार्षिक सभा होते तिथला प्रोजेक्टर व्हीजीए या जुन्या जोडणीचा, म्हणून ४५ ग्रॅमची एक जोडतारेची शेपटी आली. बेरीज १ किलो ६०० झाली. जुन्यापेक्षा तरीही १ किलो १५० ग्रॅम कमी, हे मान्य. परंतु दोनशे ग्रॅमचा आणि सुमारे तीन हजार रुपयांचा हा कडता विकत घेण्यापूर्वी कोणी सांगितला असता, तर बरे झाले असते.

इथवर जे लिहिले ते सोसण्याजोगे आहे. माझ्या मनाला खरी टोचणी लागली ती वसमतच्या बसस्थानकाजवळ संगणक दुरुस्त करणाऱ्या आमच्या मेकॅनिकने हा लॅपटॉप हातात घेतला तेव्हा. पिवळे यंत्र नऊ वर्षे चालले ते याच गृहस्थांमुळे. त्यांनी त्याची मेमरी चारवरून आठ जीबी केली, मिटलेली तबकडी काढून एसएसडी, म्हणजे हलणारा भाग नसलेली साठवण, घातली, दोनदा बॅटरी बदलली, बिजागरीचा तुटलेला कान पितळी पट्टीने सांधला, आणि दर हंगामानंतर पंखा उघडून त्यातली हळद ब्रशने झाडली. एकदा तर त्यातून निघालेला पिवळा गोळा त्यांनी मला कागदात बांधून दिला आणि म्हणाले, हा तुमच्या सभासदांचा शिल्लक माल. या सगळ्याचा नऊ वर्षांचा खर्च माझ्या वहीत लिहिलेला आहे. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकाही तो झाला नाही.

नवा लॅपटॉप त्यांनी उलटा केला, खालचे झाकण काढले, बराच वेळ पाहिले. मेमरी मुख्य पट्टीवरच (मदरबोर्डवर) झाळलेली, म्हणजे सोल्डर केलेली. सोळा जीबी आहे ती सोळाच राहणार. वायफायची चिपही झाळलेली. बॅटरी चिकटवलेली. कळफलक वरच्या अंगाला कायमचा जोडलेला, म्हणजे एक कळ गेली तरी सगळे वरचे अंग बदलायचे. एसएसडी तेवढी स्क्रूने बसवलेली. त्यांनी झाकण परत लावले, स्क्रू घट्ट केले आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाले, “ताई, ह्याच्यात माझ्यासाठी काही ठिवलंच नाही वो.”

त्यांचे बोलणे मी भावनेच्या भरात उद्धृत करीत नाही. अधिकृत दुरुस्ती केंद्र आम्हाला चाळीसेक किलोमीटरवर, नांदेडला आहे. मी खरेदीपूर्वी तिथे चौकशी केली होती. लहानसहान काम तिथे होते. मुख्य पट्टीचा बिघाड असेल तर यंत्र बाहेरगावी जाते आणि परत यायला दहा ते पंधरा दिवस लागतात, असे उत्तर मिळाले. हळदीचा आमचा तेजीतला हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. त्यातले पंधरा दिवस लॅपटॉप नसणे म्हणजे पावत्या पुन्हा हाताने लिहिणे आणि मग रात्री जागून त्या चढवणे. पुण्या-मुंबईत घराजवळच्या केंद्रात सकाळी टाकून संध्याकाळी आणता येत असेल, तर झाळलेली मेमरी हा तिथे तपशिलाचा मुद्दा असू शकेल. इथे तो खरेदीचाच प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, की मेमरी झाळली म्हणून तर यंत्र पातळ झाले आणि बॅटरी जास्त टिकू लागली. त्यात तथ्य आहे. कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर जातीची मेमरी बहुधा पट्टीवरच झाळावी लागते, आणि माझ्या साडेसात तासांत तिचाही वाटा आहे. माझी तक्रार पातळ करण्याविषयी नाही. ग्राहकाला वजन ग्रॅमपर्यंत सांगितले जाते, जाडी मिलिमीटरपर्यंत सांगितली जाते, मग त्याच तक्त्यात ‘मेमरी वाढवता येत नाही’, ‘बॅटरी चिकटवलेली’, ‘कळफलक वेगळा बदलता येत नाही’ या ओळी का नसाव्यात? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण विक्रीच्या जागीच दाखवावे लागतात. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, यांवरून ते ठरतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही सुरू केले. दुकानातल्या माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र असा एकही गुण नव्हता.

कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या पुरवणीतील परीक्षणाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वजन आणि किंमत छापता त्याच चौकटीत मेमरी व बॅटरी बदलता येते की नाही ते छापावे. चार्जर आणि लागणाऱ्या जोडण्या धरून पिशवीचे एकूण वजन द्यावे. बॅटरीचे तास पूर्ण उजेडात मोजावेत. आणि परीक्षकाने एकदा तरी त्या कळफलकावर इन्स्क्रिप्टमध्ये शंभर ओळी मराठी लिहून पाहावे. दुरुस्ती केंद्रांच्या यादीत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर एवढेच न देता हिंगोली, परभणी, जालना, बीड, धाराशिव येथे काय सोय आहे किंवा नाही, तेही कळवावे. ‘नाही’ असे छापून आले, तरी आम्हाला त्याचा उपयोग आहे.

हा लॅपटॉप पुन्हा घेशील का, असे भाच्याने परवा विचारले. मी त्याला होय म्हटले, पण आठशे-नऊशे ग्रॅम अधिक वजनाचा, मेमरीचा खाचा असलेला आणि रुंद कळांचा, दुकानात शेजारीच ठेवलेला एक लॅपटॉप त्या दिवशी मी हातातही घेतला नव्हता, तो आता जाऊन पाहणार आहे. आमच्या कंपनीला दुसरा संगणक पावसाळ्याआधी घ्यायचाच आहे, आणि तो टेबलावरच राहणार असल्याने त्याच्या वजनाशी मला कर्तव्य नाही. पिवळे यंत्र सध्या लिनक्स घालून, इंटरनेटशिवाय, ठराव टंकित करण्याच्या कामी लावले आहे. मेकॅनिकने त्याचा पंखा गेल्या आठवड्यातच झाडून दिला.

आपल्या परीक्षकांना पुढच्या वेळी एखादे नवे यंत्र उन्हात पारखायचे असेल, तर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी वसमतला यावे. शेड आमचे, माठातले पाणी आमचे, आणि नमुन्याचा काटाही तयार आहे. कडता न कापता तोलून देऊ.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे, प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)
वसमत, जि. हिंगोली